अण्णांसाठी निवडलेले मासे

राजगोपालमामांना कसे आहात विचारलं तर ते माशांच्या टाकीबद्दल सांगतात. पाणी जरा पिवळट दिसतंय. फिल्टर धुतला. तळाशी राहणारे काल दिसले नव्हते, आज दिसले. स्वतःबद्दल एवढंच.

कुंभकोणमच्या बाजारात एक चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत मामा डोळे तपासतात. दिवसभर अंधारात बसून लोकांना विचारत राहतात, आता नीट दिसतं का, की मघाशी जास्त नीट होतं. संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांचेच डोळे लाल असतात. साठी जवळ आली आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नंदिता चेन्नईला असते. घरात ते आणि त्यांचे थोरले भाऊ विष्णुवर्धन राव. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते.

आमचं घर त्याच गल्लीत. गल्लीत तमिळ, घरात मराठी, असं आमच्या दोन्ही घरांचं. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं आणि नोकरी शोधत घरी बसले. चष्म्याचा नंबर बदलायला मामांकडे गेले होते. नंबर काढून झाल्यावर ते म्हणाले, "कीर्ति, तू दुपारी मोकळी असतेस ना?" तेव्हापासून दुपारी मी अण्णांजवळ बसते. त्यालाच आमची मैत्री म्हणायचं.

अण्णा आडुतुरैच्या भात संशोधन केंद्राच्या कार्यालयात होते. नोकरीभर रोज सकाळी एकाच बसने गेले. आई-वडील लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतः केलं नाही. संध्याकाळी ते ओट्यावर बसत आणि गल्लीतले लोक त्यांना वेळ विचारायला येत. चांगली वेळ कोणती, राहुकाळ केव्हा. राहुकाळ म्हणजे दिवसातला दीड तास, जेव्हा आमच्याकडे कुणी काही नवं सुरू करत नाही. रोजचा वेगळा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला असतो, पण लोकांना तो अण्णांच्या तोंडून ऐकायचा असे. परीक्षेला निघायचं, फ्रिज घरात आणायचा, बाळाला दवाखान्यातून घरी न्यायचं, अण्णांना विचारल्याशिवाय नाही.

मग अण्णा विसरू लागले. आधी चष्मा, मग नावं. मग भावाला ते "अहो" म्हणू लागले. गोपू म्हणायचे ते बंद झालं.

विसरले नाहीत ती बस. सकाळी आंघोळ झाली की शर्ट घालून ते निघत. कधी बसस्टँडवर सापडत, कधी भलत्याच रस्त्यावर. एकदा चोळपुरमच्या वाटेवर सापडले, पायात चप्पल नव्हती. नंदिता फोनवर म्हणाली, "अप्पा, दाराच्या ग्रिलला कुलूप लावा. सगळेच लावतात." मामांनी लावलं आणि दुकानात गेले. अण्णा दिवसभर ग्रिल हलवत राहिले. तळहात सोलून निघाले. येणारे जाणारे थांबून बघत होते. मी धावत जाऊन मामांना बोलावून आणलं. त्यांनी कुलूप काढलं, अण्णांच्या हातांना हळद लावली आणि म्हणाले, "हे परत नाही करायचं." कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

तंजावरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तिथे बाहेर काचेची टाकी होती. अण्णा एका जागी बसत नाहीत. तिथे बसले. नंबर आला तरी उठेनात. मामा परत येताना बसमध्ये एकदम म्हणाले, "कुलपाऐवजी ती."

मला वाटलं टाकी आणायची, पाणी भरायचं, मासे सोडायचे. मामांनी टाकी आणली, वाळू धुऊन घातली, वनस्पती लावल्या, फिल्टर सुरू केला आणि मासे आणलेच नाहीत. पाणी नुसतं फिरत राहिलं. अण्णा तिच्यासमोरून बाहेर जात आणि मामा त्यांना परत आणत.

"मामा, मासे कधी?"

"पाणी तयार व्हायला हवं. माशांची घाण खाणारे जंतू आधी वाढले पाहिजेत. नाहीतर ते आपल्याच घाणीत मरतात."

"किती दिवस?"

"आठवडे. ही घाईची गोष्ट नाही." आणि ते अण्णांची चप्पल शोधायला गेले.

मासे निवडायला मला बरोबर नेलं. सूर्याचं दुकान उड्डाणपुलापलीकडे आहे. दारात पक्ष्यांचे पिंजरे, आत काचेच्या टाक्या एकावर एक. सूर्या माझ्याहून थोडा मोठा असेल. बोलतो फार.

"सार, हे बघा. टायगर बार्ब. काय रंग! दिवसभर पळतात."

"दुसऱ्यांची शेपटी कुरतडतात."

"थोडी मजा तर हवी ना, सार."

"माझ्या भावाला मजा नको. शांतता हवी."

"मग एंजल घ्या. देवदूतच."

"मोठा झाला की लहान मासे गिळतो तुझा देवदूत."

"गोल्डफिश?"

"त्याला थंड पाणी लागतं, बाकीच्यांना कोमट. आणि घाण किती करतो."

सूर्या माझ्याकडे वळला. "अक्का, सार मासे विकत घेतायत की मुलीसाठी स्थळ बघतायत?"

"दोन्हींत नंतर परत करता येत नाही," मामा म्हणाले. त्या दिवशी ते हसले. मला आठवतं, कारण तसं ते क्वचितच व्हायचं.

त्यांच्या मनात सगळं ठरलेलं होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात टिकतील असेच मासे हवेत, पाणी बदलत बसायची ताकद आपल्यात नाही. पृष्ठभागाजवळ कोणी, मधल्या पाण्यात कोणी, तळाशी कोणी, म्हणजे भांडण नाही. कळपाने राहणारा एकटा आणायचा नाही, भेदरतो. आणि मुख्य म्हणजे खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिसले पाहिजेत. फार चपळ असतील तर त्याची नजर पोहोचेपर्यंत ते निघून जातात.

म्हणून त्यांनी तांबडे प्लॅटी घेतले, तळाशी वाळू उकरणारे कोरी घेतले आणि पर्ल गुरामीची एक जोडी. गुरामी मोठे, संथ, अंगावर मोत्यासारखे ठिपके. पोटाखाली दोन लांब मिशा असतात. त्या पुढे करून ते समोरच्या वस्तूला हात लावल्यासारखं करतात. सगळे एकदम आणले नाहीत. आधी प्लॅटी. ते रुळल्यावर कोरी. गुरामी सगळ्यांत शेवटी.

दर वेळी तेच. पिशवी घरी आली की मागच्या न्हाणीघरात जायची. तिथे निळा टब होता, त्याला वेगळा फिल्टर, वेगळी जाळी. पिशवी बंद तशीच टबात तरंगत ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्याइतकं कोमट होईपर्यंत. मग तोंड उघडून त्यात टबातलं पाणी थोडं थोडं घालायचं. मग मासे जाळीने उचलून टबात सोडायचे. पिशवीतलं पाणी मोरीत. आणि मग तीन-चार आठवडे ते टबातच. खातात का, अंगावर डाग आहेत का, एका कोपऱ्यात पंख मिटून बसतात का. सगळं ठीक असेल तरच पुढच्या खोलीत.

"नवा आला की रोग घेऊन येतो," मामा म्हणायचे. "त्याचा दोष नसतो. प्रवासात दमलेला असतो, दमलेल्याला काहीही चिकटतं."

गुरामी पुढच्या टाकीत आले त्या दिवशी अण्णा शर्ट घालून निघाले आणि टाकीपाशी थांबले. नर गुरामी काचेजवळ आला. अण्णांनी बोट काचेला लावलं. माशाने मिशा पुढे केल्या. अण्णा खुर्चीत बसले. बस निघून गेली असेल तरी ते बसले होते.

त्यानंतर बरेच महिने ग्रिल उघडं होतं. सकाळी मामा अण्णांना टाकीसमोर बसवून दुकानात जात. जेवायला मी हाक मारायची. अण्णा म्हणायचे, "थांब, हा काही बोलतो आहे." काय बोलतोय विचारलं तर सांगायचे नाहीत.

एक अडचण होती. खायला घातलंय हे अण्णा विसरायचे. परत घालायचे. परत. खाणं तळाशी कुजायचं, पाणी पांढुरकं व्हायचं. मामांनी डबी लपवली तर अण्णा घरभर हिंडून बाहेर पडायचे. मग मामा रोज सकाळी डबीत चिमूटभर दाणे ठेवू लागले. अण्णा रिकामी डबी झटकत बसायचे, समाधानाने. तरी पाणी बिघडायचंच. इडलीचा तुकडा पडायचा, कधी भात. दुकानातून आल्यावर मामा बादल्या भरायचे, नळी लावून तळातली घाण ओढायचे. पाठ धरून उठायचे. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाले, "तू दुपार सांभाळतेस तेवढं पुरे."

पावसाळ्याच्या शेवटी नर गुरामी मेला. पोट फुगलं होतं. मामांनी अण्णांच्या आधी उठून त्याला काढलं.

अण्णांनी दोन दिवस त्याला शोधलं. मादी झाडामागे दडली होती. ती दिसेना, तो दिसेना. तिसऱ्या दिवशी अण्णा शर्ट घालून उभे राहिले. मामांनी सूर्याला फोन केला. गुरामीचा नर हवा, मोठा, आणि त्याच्याबरोबर एक-दोन माद्या, म्हणजे तो एकीच्याच मागे लागणार नाही. सूर्या म्हणाला, चेन्नईहून मागवतो, शुक्रवारी सकाळच्या बसने येतील, घरी आणून देतो.

मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा महिना होता; आमच्याकडचा पाऊस त्याच सुमारास संपतो. थंडी आमच्याकडे फारशी नसते, पण पहाटे असते. दारोदार कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढलेले. शुक्रवारी मी सकाळीच मामांकडे गेले, नवे मासे बघायला. मामा दाढी न करता बसले होते. आदल्या रात्री अण्णांनी झोपू दिलं नव्हतं. टब भरून ठेवला होता, फिल्टर चालू होता.

बस उशिरा आली. सूर्या स्कूटरवरून आला तेव्हा दहा वाजून गेले होते. "सार, तुमची पाहुणी मंडळी. रात्रभर गारठलीयत. जपा." पिशवी फुगलेली, आत गुरामी एकमेकांना चिकटून स्थिर. मामांनी ती हातात घेतली. सूर्या गेला.

अण्णा खुर्चीत होते. पाठ आमच्याकडे. त्यांनी मान वळवली.

"गोपू."

मामा दारातच उभे राहिले.

"कोण आलं रे?"

"मासे, अण्णा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

"आज शुक्रवार. साडेदहास राहुकाळ लागतो. घरांत आलेला जीव दाराशी कशास ठेविलास? आत घे त्यांस."

गेल्या कित्येक महिन्यांत अण्णांनी इतकं लांब, इतकं सरळ काही म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला होता. ओट्यावर बसून लोकांना वेळ सांगणारा माणूस परत आला होता. मला घड्याळ दिसत होतं. वेळ फार नव्हता.

"अण्णा, आधी टबात ठेवायचं असतं," मामा म्हणाले. पण ते विचारल्यासारखं म्हणाले.

"गोपू, मी सांगतों ना."

मला वाटलं मामा न्हाणीघराकडे वळतील. निदान पिशवी टाकीत तरंगत तरी ठेवतील. त्यांनी कात्री घेतली. पिशवीचं तोंड कापलं. टाकीचं झाकण उचललं आणि पिशवी उलटी केली. मासे, पाणी, सगळं. एका झटक्यात.

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मुलीच्या लग्नातही ज्याने घाई केली नसेल अशा माणसाने हे केलं होतं.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं, अण्णा."

"सरी, बरं झालं. हात धू, जेवूं या."

मामा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. दोघे शेजारी बसून जेवले. अण्णांनी आडुतुरैच्या कार्यालयातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल केली. मामा हसून खोकले. अण्णा म्हणाले, "गोपू, किती वाळला आहेस. बायको वाढीत नाही का?" मामा म्हणाले, "वाढते." दुपारी अण्णा झोपले. मी हळूच विचारलं, "मामा, टब?"

ते काचेकडे बघत होते. नवे गुरामी कोपऱ्यात, पंख मिटून.

"तो गोपू म्हणाला," ते म्हणाले. अण्णांविषयी ते नेहमी आदराने बोलायचे. त्या दिवशी "तो" म्हणाले.

संध्याकाळी अण्णा उठले आणि त्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही कोणाकडे आलात?"

पुढच्या आठवड्यात नव्या नराच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. बारीक मीठ शिंपडल्यासारखे. मग मादीच्या अंगावर. मग प्लॅटींच्या. मासे दगडांना अंग घासू लागले. मामांनी हीटर आणला, पाणी हळूहळू गरम करत नेलं. सूर्या औषध घेऊन आला.

"पिशवी तशीच ओतलीत, सार?"

"ओतली."

"आणि टब?"

"मोकळाच आहे."

"इतके महिने गिऱ्हाइकांना मी तुमचं उदाहरण देतो. ते बघा, सार कसं करतात." तो थट्टाच करत होता, पण मामांचा चेहरा बघून त्याने औषधाची बाटली पुढे केली. मग म्हणाला, "तळाच्या माशांना निम्मंच औषध सोसतं हं. आणि टाकीवर उजेड नको. उजेडात औषध मरतं."

मामांनी टाकीवर जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, टाकली. वेष्टीकडे अण्णा नुसते बघत बसले. मग ती उचलू लागले. मामा परत टाकायचे. अण्णा परत उचलायचे. आत पाणी निळं झालं होतं आणि त्यात रोज कोणी तरी उलटं तरंगत असायचं. मामा जाळी घेऊन आले की अण्णा त्यांचा हात धरायचे. "काय करता? जिवंत आहे तो." कधी कधी असायचाही. पण वाचणार नसायचा.

मामा दुकानातून मधेच येऊन पाणी बदलायचे, परत जायचे. एकदा एका बाईंना त्यांनी उलटा नंबर दिला. दुकानदार काही बोलला नाही, पण मामांनीच मला सांगितलं. "मी अक्षरं बघत होतो, मला ती तरंगताना दिसत होती." मी म्हटलं, थोडे दिवस सुट्टी घ्या. म्हणाले, "सुट्टीत काय करू? इथेच बसू?"

आधी प्लॅटी गेले. मग नवे गुरामी. जुनी मादी बरेच दिवस झुंजली. पृष्ठभागावर येऊन हवा घ्यायची, खाली जायची. ती गेली त्या सकाळी मामांनी तिला काढलं, दाराबाहेरच्या कुंडीत पुरलं आणि दुकानात गेले. मी पोचायला जराही उशीर केला नव्हता, नेहमीच्याच वेळी गेले. खुर्ची रिकामी होती. वेष्टी जमिनीवर. ग्रिल उघडं.

बसस्टँडवर अण्णा नव्हते. महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर नव्हते. मामा दुकानातून आले. आम्ही रिक्षा करून हिंडलो. रिक्षावाला प्रत्येक वळणावर विचारायचा आणि मामा नुसतं बोट दाखवायचे.

दुपार टळल्यावर आडुतुरैहून फोन आला. बाला म्हणून एक रखवालदार भात संशोधन केंद्राच्या फाटकावर असतो. अण्णांच्या खिशात मामांनी नंबर लिहून ठेवला होता, तो त्याने पाहिला. अण्णा बरोबर बसमध्ये चढले होते, बरोबर थांब्यावर उतरले होते. मधे हायवे ओलांडायचा असतो. तो कसा ओलांडला, कोणास ठाऊक.

आम्ही गेलो. फाटकाजवळ झाडाखाली खुर्ची टाकून बालाने त्यांना बसवलं होतं. हातात चहा. गुडघा फुटला होता, वेष्टीला रक्त.

"लॉरीवाल्याने ब्रेक मारला म्हणून," बाला म्हणाला. "नाहीतर अय्या गेले होते. मी इथून पाहिलं. मी डोळेच मिटले."

मामा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. बालाला कसंसं झालं. "अहो सार, हे काय. चहा घ्या."

अण्णा मामांना म्हणाले, "आज उशीर झाला. हजेरीवर सही राहिली."

"मी सांगतो साहेबांना," मामा म्हणाले. परत येताना बसमध्ये त्यांनी अण्णांचा दंड सोडला नाही. भाताची खाचरं मागे जात होती. मामांच्या शर्टाच्या बाहीला माशाचं निळं औषध लागलेलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "सूर्याला सांगू का? नवे मासे?"

"आत्ता नाही. टाकीत तीन कोरी आहेत, तेही नीट नाहीत. रोग पाण्यात आहे. आता आणले तर तेही मरतील. सगळं संपेपर्यंत थांबायचं, मग परत टब, मग आठवडे." ते खुर्चीत बसले. अण्णांच्या खुर्चीत. "मला माहीत होतं ना हे सगळं. मला माहीत होतं, कीर्ति."

त्या दिवशी मी तिथे होते. अण्णांनी हाक मारली तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं होतं. मीही कात्रीच दिली असती.

दुसऱ्या दिवशी आईने इडलीचा डबा दिला म्हणून मी सकाळीच गेले. ग्रिलला कुलूप होतं.

मी थबकले. मग आत दिसलं, मामाही आतच होते. दुकानात गेले नव्हते. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ग्रिलपाशी उभे होते, गुडघ्याला पट्टी. दोन्ही हातांनी गज धरलेले. ते हलवू लागले तसे मामा उठून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही गज धरले.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, हें कुलूप कोणी लाविलं?"

"ठाऊक नाही."

"तुम्हीही अडकलात?"

"हो."

"कोठें निघाला होतात?"

"दुकानात."

"मज आडुतुरैस जायचं. बस निघून जाईल."

"बसा थोडं. कोणीतरी येईल उघडायला."

अण्णा पायरीवर बसले. मामाही बसले. अण्णांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"घरीं कोण असतं तुमच्या?"

"थोरले भाऊ आहेत."

"मग ते वाट पाहात असतील."

"हो," मामा म्हणाले.

मी बाहेर डबा धरून उभी. मामांनी मला पाहिलं आणि मान किंचित हलवली, आत्ता नको. किल्ली त्यांच्या वेष्टीच्या गाठीत होती, गाठ फुगलेली दिसत होती. मी डबा गजांतून आत सरकवून ठेवला आणि मागे झाले.

अण्णा म्हणाले, "इतका वेळ माणसास कोणी कोंडतं का?"

"नाही," मामा म्हणाले. "कोणी कोंडत नाही."